हुकलेला भाग

मालिकेचा एखादा भाग हुकणे ही केवढी आपत्ती होती, हे आज पटवून देणे कठीण आहे. मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर बरीच वर्षे घरातल्या संचावर एकच वाहिनी दिसत असे. ठरलेल्या वेळी तुम्ही पडद्यासमोर नसलात, तर कार्यक्रम गेला तो गेलाच.

तो हुकण्याची कारणेही नाना प्रकारची असत. ठाण्यात नौपाड्याच्या आमच्या चाळीवरच्या अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या असत, आणि त्यांवर कावळा जरी जोरात बसला तरी खाली चित्रात मुंग्या येत. मग एक जण कौलांवर, एक खिडकीत आणि एक संचासमोर अशी साखळी लागे. ‘आलं का?’, ‘आलं, आलं… गेलं!’ या आरोळ्यांत निम्मा भाग संपून जाई. कधी ऐन वेळी वीज जाई, तर कधी पडद्यावर ‘व्यत्यय’ ही पाटी येई आणि आम्ही त्या पाटीकडेही मालिका बघावी तितक्याच निष्ठेने बघत राहत असू.

परंतु सर्वांत पक्के कारण म्हणजे कारखान्यातली पाळी. शेजारचे काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्यांचे सगळेच कार्यक्रम बुडत. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, तांदूळ निवडता निवडता, काकू त्यांना आदल्या रात्रीचा भाग सांगत, आणि तो ऐकायला, स्वतः बघितलेला असूनही, आम्ही मुले उंबऱ्यावर जाऊन बसत असू. ‘चिमणराव’ ही मालिका सांगताना त्यांना चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे हे दोघेही व्हावे लागे; चिमणरावाची धांदल त्यांना बेताचीच जमे, पण त्यांचा गुंड्याभाऊ मूळच्यापेक्षा अधिक संतापी होता आणि त्या संतापात सुपातले तांदूळ अंगणभर होत. १९८४ साली ‘हम लोग’ सुरू झाल्यावर तर त्यांच्या निवेदनाला धारच आली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन जे चार शब्द बोलत, ते काकू सरळ गाळत आणि त्या जागी स्वतःचे मत देत. काका मध्येच ‘पण तो नेमकं काय म्हणाला?’ असे विचारत. त्यावर ‘म्हणाला काहीतरी, तुम्ही पुढचं ऐका’ असे उत्तर ठरलेले असे.

जपून ठेवण्याची हौस नव्हती असे मात्र नाही. ‘छायागीत’ हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम लागला की आमचा थोरला भाऊ संचाच्या ध्वनिक्षेपकाला टेपरेकॉर्डर चिकटवून बसे आणि सगळ्यांना श्वाससुद्धा हळू घ्यायला लावी. तरी प्रत्येक कॅसेटमध्ये कडव्याच्या मध्यावर कुकरची शिट्टी आणि आईचे ‘दार लावा रे, डास येतायत’ हे असेच. पुढे गणेशोत्सवात एका रात्रीसाठी भाड्याने व्हिडिओ येऊ लागला, पण तो चित्रपट बघण्यासाठी. पहाटेपर्यंत तीन कॅसेटी संपवून सकाळी यंत्र परत करायचे असल्यामुळे त्यावर एखादी मालिका टिपून ठेवावी, हा विचार कोणाच्या मनाला शिवलाच नाही. माझ्या मते त्याने फारसे बिघडले नाही. १९८८ साली ‘महाभारत’ सुरू झाले तेव्हा रविवारी कारखान्याला सुट्टी असल्यामुळे काकांना सगळे स्वतः बघता येऊ लागले, आणि आमच्या उंबऱ्यावरच्या सभा बंद पडल्या, याचे मला अधिक वाईट वाटते.

आता ‘हम लोग’चे जुने भाग हवे तेव्हा लावून बघता येतात. ते थांबवता येतात, मागे नेता येतात, आणि अशोककुमार यांचे शेवटचे बोलणेही पूर्ण ऐकता येते. ते बोलतात छानच. पण दारुड्या बसेसर रामला काकूंनी सूप बाजूला ठेवून जसे फैलावर घेतले होते, तसे त्यांना काही जमलेले नाही.