कंबर आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे

आज यवतमाळला डॉक्टरांकडे जाऊन आले. ओटीत कापूस बांधून दिवसभर वाकून वेचणी केल्याने दोन वर्षांपासून कंबर धरली आहे आणि मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांवर, कित्येकदा उपाशीपोटी, मी दिवस ढकलत होते. डॉक्टरांनी माझ्या पिशवीतली रिकामी पाकिटे टेबलावर एकेक करून मांडली आणि क्षणभर ते काहीच बोलले नाहीत.

या गोळ्या वेदनेबरोबरच जठराच्या अस्तराला जपणारी द्रव्येही कमी करतात, त्यामुळे अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि उन्हात घाम जाऊन शरीर कोरडे पडले असताना मूत्रपिंडांना अधिक धोका असतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. मी ट्रामाडोल हे अधिक तीव्र वेदनाशामक मागितले. चक्कर, बद्धकोष्ठता आणि सवय लागण्याची भीती सांगून त्यांनी नकार दिला. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, हे मला आजच कळले.

आता शेक, पाठीचे व्यायाम आणि रोजचे चालणे. ओटी अर्धी भरताच रिकामी करायची, असे घरी सांगितले, तेव्हा सासूबाईंनी उतरंडीमागून स्वतःच्या गोळ्यांची पुडी काढून माझ्या हातात दिली.