बाजारपेठेतला रस्ता, डीपी आणि सुनावणी : एका भाडेकरू दुकानदाराचा अनुभव

आमच्या नगरपरिषदेचा नवा विकास आराखडा, म्हणजे डीपी, जाहीर झाला आणि पेठेत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, कुणाकुणाचं डीपीत गेलं? मुख्य पेठेचा रस्ता आज नऊ मीटर आहे. आराखड्यात तो पंधरा मीटर दाखवला होता. म्हणजे दोन्ही बाजूंची दुकानं तीन-तीन मीटर मागे. माझं शिलाई आणि पिको-फॉलचं दुकान रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत चार मीटर खोल आहे. उरणार काय, ते कळायला नकाशाही लागत नव्हता.

मी भाडेकरू. सासऱ्यांपासून दुकान आमच्याकडे आहे, पण मिळकत पत्रिकेवर नाव मालकांचं. मालककाका माणूस म्हणून चांगले. ते म्हणाले, "ताई, हरकत मालकानं घ्यायची असते. तुमचं ऐकणार कोण?" आजूबाजूच्या बऱ्याच भाडेकरूंचा हाच समज होता. आमच्या गल्लीत भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक अण्णा राहतात. त्यांनी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ काढून कलम २८ वाचून दाखवलं. मुदतीत कोणतीही व्यक्ती लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकते, असं त्यात आहे. मालकीची अट नाही. हे कळलं नसतं तर आमच्या पेठेतले निम्मे लोक घरीच बसले असते, म्हणून मी ते भेटेल त्याला सांगत सुटले.

भाडेकरूनं बोलायला हवं, याला कारणही तसंच आहे. रस्त्यात जागा गेली की कलम १२६ प्रमाणे मोबदला पैशात मिळतो, नाहीतर टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जमिनीवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) यांच्या रूपात. टीडीआर जमिनीच्या मालकाला किंवा जमीन पट्ट्यानं घेतलेल्याला मिळतो. ज्याची रोजची चूल त्या चार मीटरवर पेटते, त्याचा या हिशेबात उल्लेखच नाही. काकांचं आणि माझं हित इथे वेगळं होतं, आणि ते आम्ही दोघांनी एकमेकांना स्पष्ट सांगितलं. भांडण झालं नाही.

नकाशा नगरपरिषदेत भिंतीवर लावला होता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा नुसते रंग आणि रेषा. अण्णांनी शिकवलं की आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा बघायचा, मग प्रस्तावित नकाशा. दोन्हींत आपला सिटी सर्व्हे नंबर शोधायचा आणि काय बदललं ते टिपायचं. आम्ही पहाटे, दुकानं उघडायच्या आत, टेप धरून रस्ता मोजला. देवळापाशी तो दाखवल्यापेक्षा अरुंद निघाला. ही मापं पुढे फार उपयोगी पडली.

व्यापारी संघटनेनं हरकतीचा एकच छापील मसुदा वाटला होता. त्यावर मी सही केलीच, पण स्वतःची हरकत वेगळी लिहिली. छापील कागदात ‘आमच्यावर अन्याय होत आहे’ एवढंच होतं. माझ्या अर्जात सर्व्हे नंबर, आजची खोली, उरणारी खोली, दोन्ही बाजूंच्या किती दुकानांची हीच गत होईल आणि रुंदीकरणाऐवजी काय करता येईल, असं सगळं मांडलं. आवक-जावकला अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. ती प्रत आजही जपून आहे.

"लिहून काय होतंय?" असं माझा भाचाच म्हणाला. त्याला मुंबईचं सांगितलं. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. लोकांनी त्यातल्या चुका दाखवून इतका आवाज उठवला की एप्रिलमध्येच सरकारनं तो नव्यानं दुरुस्त करायला लावला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये. पुण्यात २०१३ च्या आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. मग भाच्यानंही अर्ज दिला.

सुनावणी नियोजन समितीसमोर असते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले नगररचनेतले जास्तीत जास्त चार जाणकार. सभागृहात गर्दी होती, प्रत्येकाला वेळ थोडा. माझ्या आधीचे काही जण रागानं बोलले. त्यांचा राग खरा होता, पण समितीच्या कागदावर काही उतरलं नाही. मी बसल्या बसल्या पहिलं वाक्य घोकत होते : सर्व्हे नंबर, पान, रेषा.

समितीतल्या एका बाईंनी मला थेट विचारलं, "उद्या पेठेत आग लागली तर बंब कुठून आणायचा?" प्रश्न योग्य होता. पेठेत कापडाची दुकानं आहेत, वर माळ्यावर माणसं राहतात. या प्रश्नाला बगल दिली असती तर माझी हरकत तिथेच संपली असती. मी म्हटलं, रस्ता नऊ मीटर आहे, पण गाडीला मिळतो त्याच्या निम्मा, कारण दोन्हीकडे दुचाकी आणि माल उतरवणारे टेम्पो उभे असतात. जुन्या भाजी मंडईची जागा मोकळी पडली आहे, तिथे वाहनतळ करा. माल उतरवायला सकाळची वेळ ठरवा. मागची बोळ अतिक्रमण काढून मोकळी करा, म्हणजे बंबाला दुसरी वाट होईल. देवळापाशी खरंच अडतं, तिथे रुंदी वाढवायला माझी हरकत नाही. त्यांनी मोजमापांचा कागद मागून घेतला आणि शेजारच्या अधिकाऱ्यांना मंडईची जागा नकाशात दाखवायला सांगितली.

समितीच्या अहवालानंतर बदललेला आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात आमचा रस्ता बारा मीटर आहे. दीड मीटर जाईल. अडीच मीटरमध्ये दोन मशीन आणि कापायचं टेबल बसतं, मी खडूनं आखून पाहिलंय. मंडईच्या जागेवर वाहनतळाचं आरक्षण आलं. नऊ मीटरच ठेवा, हे माझं म्हणणं मान्य झालं नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण समोरच्या रांगेतलं घड्याळदुरुस्तीचं दुकान दीड मीटरसुद्धा सोसू शकत नाही.

आता आराखडा राज्य सरकारकडे गेला आहे. मंजुरी देताना सरकार मोठे बदल सुचवतं, तेव्हा तेवढा भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवतं. त्या वगळलेल्या भागाला ईपी (एक्सक्लूडेड पार्ट) म्हणतात. आमचा रस्ता ईपीत आला तर घड्याळवाल्यांची हरकत वेगळी द्यायची, असं आम्ही ठरवलं आहे. त्यांच्या दुकानाचं माप घेऊन झालंय, मजकूर अण्णा तपासत आहेत.