थोरल्यांचा शोध: वाट आता संस्थानातून

वाटणीपत्र सापडलं! बेळगाव सेशन्स कोर्टाच्या कागदांत काळ्या पाण्यावर गेलेल्या थोरल्यांचं (माझ्या खापरपणजोबांच्या वडीलबंधूंचं) नाव कुठेच लागत नव्हतं. शेवटी शहापूरच्या काकूंनी ट्रंक उघडली आणि "बघ की रे, ह्यात काय आहे ते," म्हणत मोडीतला कागद हातावर ठेवला. थोरले काळ्या पाण्यावर असल्याने त्यांचा हिस्सा धाकट्याने सांभाळावा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ती ओळ मी कितीदा वाचली असेन!

जीव खाल्ला तो सालाने. कसरीने शकाचा नेमका तिसरा आकडा फस्त केलेला. १७, मग भोक, मग ३. पण शेजारी 'प्रजापती नाम संवत्सरे' शाबूत आहे, आणि तिथेच गाडी सुटली. संवत्सराचं नाव साठ वर्षांनी परत येतं, म्हणजे शके १७३३ नाहीतर १७९३. शके १७३३ म्हणजे इ.स. १८११, तेव्हा इथे पेशवाई, आणि काळं पाणी ही तर इंग्रजांची शिक्षा. म्हणून १७९३, इ.स. १८७१-७२. शिक्षा त्याआधीची. सेल्युलर जेलमध्ये शोधा म्हणणाऱ्यांसाठी: ते बांधायला घेतलं १८९६ मध्ये. अंदमानच धरून बसण्यातही अर्थ नाही. तिथली वसाहत मार्च १८५८ ची, त्याआधी मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी सिंगापूर-पिनांगकडे जात.

मोडी वाचणाऱ्यांबद्दल एक सांगतो. पानामागे पैसे घेणाऱ्या एकांनी टाईप करून पाठवलेल्या मजकुरात एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यात जो कुठेच अडखळत नाही त्याच्यावर माझा विश्वास नाही. दुसऱ्यांनी जागा कोऱ्या सोडल्या, काम त्यांनाच दिलं. आणि स्कॅनर ॲप वापरू नका, कागद पांढरा करायच्या नादात फिकट शाई पुसून टाकतं. खिडकीपाशी तिरप्या उजेडात साधा फोटो काढा.

आता मुख्य गोष्ट. कागदाच्या डोक्यावर शिक्का सांगली संस्थानचा आहे. आज शहापूर आणि बेळगाव एकच गाव झालंय, पण तेव्हा शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं. गुन्हा त्या हद्दीतला असेल तर खटला संस्थानापुढे, आणि पुढचा पत्रव्यवहार कोल्हापूरच्या पोलिटिकल एजंटामार्फत (संस्थानांवर देखरेख करणारा इंग्रज अधिकारी). मुंबईच्या पुराभिलेखात आपण पूर्वज शोधणारे ज्युडिशियल खात्याचे खंड चाळतोय, पाहायला हवेत पोलिटिकल खात्याचे! ज्यांचे पूर्वज मिरज, कुरुंदवाड, जमखंडी या संस्थानांच्या गावांतले, त्यांनीही हे ताडून पाहावं.

लंडनहून जुन्या कागदांच्या प्रती मागवायचा बेत होता, तो तूर्त बाजूला. आधी कोल्हापूरचं पुराभिलेखागार.

हे लिहिताना आणखी एक सुचलं. इंग्रजी मुलखात तेव्हाच्या दंडसंहितेत कैद्याची मिळकत जप्त करायचं कलम होतं. इथे हिस्सा घरातच राहिला. म्हणजे जप्तीचा हुकूम झालाच नाही, की जमीन सोडवून घेतली? सोडवली असेल तर शहापूरच्या वसुलाच्या कागदांत रक्कम पडलेली असणार, आणि तिच्यासोबत खटल्याचं सालही. मग कोल्हापुरात कैद्यांच्या याद्यांआधी जमाखर्चच मागतो. शहापूरचे कागद कुठल्या रुमालात (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात) आहेत हे कुणी पाहिलं असेल तर जरूर कळवा, सोमवारी निघतोय.