कस्टमवाले सर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण आले आणि सोबत स्मरणिकेसाठी 'शाळेने मला काय दिले' या विषयावर चार शब्द लिहून पाठवावेत अशी संपादक मंडळाची विनंतीही आली. दोन रात्री कागद पुढे घेऊन बसलो, पण लेखणी एकाच माणसापाशी जाऊन थांबत राहिली. इतर गुरुजनांचे ऋण माझ्यावर कमी नाही आणि त्यांनी किंवा त्यांच्या कुटुंबीयांनी मनास लावून घेऊ नये. परंतु मी लिहिणार आहे ते कस्टमवाल्या सरांविषयीच. १९८५ नंतर शाळेत असलेल्या कोणालाही त्यांचे नाव सांगण्याची गरज नाही.

सर मूळ आपल्याच गावचे. मुंबई कस्टम्समध्ये प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर म्हणून लागले, गोदीत आलेल्या जहाजांची झडती घेण्यापासून लाँचवरून रात्रीची गस्त घालण्यापर्यंत सगळी कामे त्यांनी केली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते श्रीवर्धनला परतले. त्या वर्षी गणिताला शिक्षक नव्हते. मुख्याध्यापक त्यांच्या ओटीवर जाऊन बसले आणि दुसऱ्या दिवसापासून सर वर्गावर येऊ लागले. मानधनाचा विषय त्यांनी स्वतःहून कधी काढला नाही आणि दुसऱ्याला काढू दिला नाही.

आम्हा मुलांना त्यांच्याकडून पाठलागाच्या गोष्टी हव्या असत. त्या मिळत नसत. कोणत्या खबऱ्याने काय कळवले, कोणाच्या गलबतात काय सापडले, याचे अवाक्षरही त्यांनी अखेरपर्यंत काढले नाही. मात्र गुणाकार शिकवताना ते फळ्यावर लिहीत : एक तोळा म्हणजे ११.६६४ ग्रॅम, सोन्याचे एक बिस्कीट दहा तोळ्यांचे, कापडी जाकिटाच्या कप्प्यांत अशी शंभर बिस्किटे. तर अंगावर ओझे किती? उत्तर ११ किलो ६६४ ग्रॅम येई. मग ते सांगत की एवढे ओझे सदऱ्याखाली घेतलेला माणूस खाली पडलेली वस्तू कमरेत वाकून उचलत नाही, गुडघे मोडून बसतो. दुबईत स्वस्त असलेले सोने मुंबईत महाग का, १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले तेव्हा चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यावरच्या बंधनाने गावोगावच्या सोनारांच्या हातचे काम कसे गेले आणि चोरटे सोने मात्र येतच कसे राहिले, हे सारे त्या एका उदाहरणातून निघे. आकडेमोड आम्हाला तेव्हापासून आवडू लागली.

आता जो प्रसंग सांगतो तो १९८६ सालचा, मी सातवीत असतानाचा. मुंबईच्या काकांनी मला दिलेले शाईचे पेन मधल्या सुट्टीत हरवले. माझ्यामागच्या बाकावर एक मुलगा बसत असे, ज्याचे वडील मासेमारीची होडी चालवीत. त्यांच्या होडीतून रात्री 'माल' उतरतो अशी कुजबूज गावात होती. ती खरी की खोटी हे मला आजही ठाऊक नाही, तेव्हा तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मी उभा राहिलो आणि त्याचे नाव घेतले.

सरांनी खडू खाली ठेवला. मला पुढे बोलावून त्यांनी कोरा कागद दिला आणि विचारले, "तू काय पाहिलेस ते लिही." मी लिहिले की त्याने पेन घेतले. "घेताना पाहिलेस?" "नाही." "मग ते खोडू नकोस, त्याखाली लिही की घेताना पाहिले नाही." एका ओळीखाली दुसरी ओळ लिहिताना माझे कान तापले होते. मग त्यांनी झडतीचे साक्षीदार म्हणून वर्गातून दोन पंच निवडले. दोघेही माझ्या बाजूचे नव्हते की त्याच्या बाजूचे नव्हते. त्या मुलाला त्यांनी विचारले, "तुझी झडती मुख्याध्यापकांसमोर व्हावी असे तुला वाटते का? तसा तुझा हक्क आहे." हक्क हा शब्द त्याला उद्देशून कोणी उच्चारल्याचे मी त्यापूर्वी ऐकले नव्हते. तो मान हलवून नको म्हणाला.

यानंतर जे झाले ते मी चाळीस वर्षांत विसरलेलो नाही. सरांनी आपले दोन्ही हात खांद्याच्या उंचीला बाजूला धरले आणि पंचांना म्हणाले, "आधी माझी अंगझडती घ्या. मी काही आणून त्याच्या दप्तरात टाकणार नाही, याची तुमची खात्री झाली पाहिजे." पंच मागे सरले. बारा वर्षांची मुले सरांच्या खिशात हात कसा घालणार! सरांनी स्वतःच एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली : चष्म्याचे घर, एसटीचे तिकीट, खडूचे दोन तुकडे, सुपारीची पुडी, घडी घातलेला रुमाल. पंचांनी त्यांची यादी लिहिली. मग त्या मुलाचे दप्तर उघडले गेले, पेन त्यात नव्हते. सरांनी माझेही दप्तर मागितले. पुस्तके बाहेर काढून झाल्यावर त्यांनी अस्तरावरून बोटे फिरवली, एका जागी थांबले आणि पंचाला तिथे हात लावून पाहायला सांगितले. अस्तर उसवले होते आणि त्यातून पेन खाली घसरले होते.

पंचनामा पुरा झाला, पंचांनी सह्या केल्या, मला सही करायला लावली. तो कागद त्यांनी त्या मुलाच्या हातात दिला. "ज्याची झडती झाली त्याच्याकडे याची प्रत असली पाहिजे," एवढेच म्हणाले. मला ते रागावले नाहीत. शाळा सुटल्यावर मात्र मला थांबवून त्यांनी सांगितले की सोन्याच्या बाबतीत कस्टमचा कायदा उलटा आहे. ते चोरटे नाही हे ज्याच्याकडे सापडले त्यानेच सिद्ध करायचे असते. "हा अधिकार मी आयुष्यभर वापरला. वापरताना दर वेळी भीती वाटली. तू आज तो न मागता घेतलास."

१९९३ च्या मे महिन्यात मी कॉलेजच्या सुट्टीत गावी आलो होतो. फेब्रुवारीत आपल्याच तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स हे स्फोटक उतरले होते आणि १२ मार्चच्या मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसे गेली होती. कस्टमच्या माणसांची नावेही वर्तमानपत्रांत येऊ लागली होती. सर ओटीवर बसून होते. ज्या खात्याची गस्त त्यांनी पावसापाण्यात घातली, त्याविषयी काय बोलावे हे मला सुचेना. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "त्या रात्री या किनाऱ्यासाठी कोणीतरी पगार घेत होता." त्यानंतर ते शाळेत आले ते फक्त सव्वीस जानेवारीला. आंतरराष्ट्रीय कस्टम्स दिनही त्याच तारखेला येतो, म्हणून झेंडावंदनाला ते नेहमी आपला ठेवणीतला पांढरा गणवेश इस्त्री करून घालत. १९९४ पासून मात्र साध्या सदऱ्यात येऊ लागले. सर २००४ साली गेले. २००६ साली त्या स्फोटांच्या खटल्यात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने निकाल देण्यास सुरुवात केली आणि दोषींमध्ये कस्टमचे अधिकारीही निघाले, ते वाचायला ते नव्हते याचे मला समाधान वाटले.

मी आज एका बँकेच्या तपासणी विभागात आहे. सोनेतारणाच्या पिशव्या उघडून वजन पडताळणे हे माझ्या कामातले एक काम. शाखेत गेल्यावर मी माझी बॅग आणि खिसे आधी शाखाधिकाऱ्यांसमोर रिकामे करतो. नव्या सहकाऱ्यांना ते विचित्र वाटते. अहवालात 'पाहिले' आणि 'सांगण्यात आले' अशा दोन गोष्टी मी कधीही एका वाक्यात लिहीत नाही, आणि त्यामुळे निदान दोन निरपराध रोखपालांच्या नोकऱ्या वाचल्या आहेत, हे मी अभिमानाने नोंदवतो. गेल्या वर्षी शाळेत आलो तेव्हा कौलारू वर्ग जाऊन इमारत उभी राहिलेली आणि प्रत्येक वर्गात कॅमेरा बसवलेला पाहिला. सोय झाली असेल. सातवीच्या वर्गाची ती जागा मला ओळखता आली नाही, याचे वाईट वाटले.

निमंत्रण आल्यावर मी मागच्या बाकावरच्या त्या मित्राला फोन केला. आता त्याच्या स्वतःच्या दोन होड्या आहेत. सरांविषयी लिहितो आहे म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की तो पंचनामा होडीच्या कागदपत्रांबरोबर पेटीत ठेवलेला आहे, समारंभाला येताना घेऊन येईन. वरच्या ओळीत मी त्याच्यावर घेतलेला आळ, खालच्या ओळीत पाहिले नसल्याची कबुली आणि तळाशी माझी सातवीतली सही असा तो कागद मला त्याच्याच हातून पाहायचा आहे.