मोंफोकाँच्या २३४ पायऱ्या आणि बाबांचा एक डोळा

ताई लक्झेंबर्गला असते, तर या उन्हाळ्यात बाबांना घेऊन गेलो होतो. पॅरिस-बिरिस झालं, पण बाबांना ओढ व्हर्दाँची, फ्रान्समधल्या पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीची. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधनं (सॅपर म्हणजे लष्करातले इंजिनिअर) सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस, नाही कोण म्हणणार! सकाळी ताईची गाडी काढली आणि आधी गेलो ते मोंफोकाँच्या टेकडीवर.

वर अमेरिकन युद्धस्मारक, ग्रॅनाइटचा भलामोठा खांब, २०० फुटांच्या वर, टोकाला स्वातंत्र्यदेवी. सप्टेंबर १९१८ मध्ये अमेरिकन फौजेने म्यूज-आर्गोनची चढाई केली तेव्हा ही टेकडी जर्मनांच्या ताब्यात होती, आणि वर गेल्यावर कळतं का, कारण इथून चहूकडचा मुलूख दिसतो. खांबाच्या आत २३४ पायऱ्या. भाचा मोठमोठ्याने मोजत होता, १८० च्या आसपास चुकला आणि म्हणतो परत खालून सुरू करूया, मग त्याला तसाच ढकलत वर नेला.

बाबांचं व्ह्यूकडे लक्षच नाही. दगडांच्या सांध्यात नख घालून बघतायत. "पाया कसा घेतला असेल रे? सगळी टेकडी लढाईत उकरलेली असणार." मागे जुन्या चर्चचे अवशेष आणि जर्मन बंकर तसेच उभे आहेत, त्यामुळे प्रश्न बरोबरच होता.

खाली उतरल्यावर बेंचवर बसून मी त्यांना झेनोफॉन प्राइसबद्दल सांगितलं, येण्याआधी थोडं वाचून ठेवलं होतं. वेस्ट पॉइंटची १९१४ ची बॅच, आर्मीच्या कोअर ऑफ इंजिनिअर्समधला मेजर. परदेशातली अमेरिकन स्मारकं उभारायला १९२३ मध्ये सरकारी कमिशन नेमलं, चेअरमन जनरल पर्शिंग, महायुद्धात फ्रान्समधल्या अमेरिकन फौजेचा सेनापती, आणि प्राइस त्याचा सेक्रेटरी. डिझाइन मोठमोठ्या आर्किटेक्टांची, मोंफोकाँचा खांब जॉन रसेल पोपचा, पण समुद्रापलीकडच्या देशात ती कामं पार पाडून घ्यायची म्हणजे काय असतं ते बाबांना सांगायची गरज नव्हती. त्यात युद्ध संपल्या संपल्या पलटणींनी आपापली स्मारकं फ्रान्समध्ये उभी करायला सुरुवात केली होती, त्यालाही आळा घालायचा होता.

रणभूमीचं गाइडबुकही कमिशननेच काढलं. त्यावर काम करायला १९२८ मध्ये एक मेजर पॅरिसला आला, प्राइसच्या हाताखाली, त्याच्यापेक्षा एकच बॅच ज्युनिअर. आयझेनहॉवर! (आणि मूळचा झेनोफॉन म्हणजे ग्रीक सैनिक-लेखक, आईबापांनी नाव काय विचार करून ठेवलं असेल.)

"म्हणजे प्रेसिडेंट?" बाबा. "सॅपरच्या हाताखाली? वा!" हे त्यांनी दिवसभरात चारदा तरी म्हटलं.

मोंफोकाँचं उद्घाटन व्हायला १९३७ उजाडलं. प्राइसचं नाव मला तिथे कुठेच दिसलं नाही, मी शोधत होतो म्हणून सांगतो.

तिथून जवळच रोमान्यची अमेरिकन सैनिकांची दफनभूमी. १४,२४६ कबरी, पांढऱ्या संगमरवराचे क्रॉस, मधेमधे ज्यू सैनिकांसाठी तारा. आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. भाचाही गप्प.

बाबा एका रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले, एक डोळा मिटला, सरळ बघितलं. मग दोन पावलं सरकून तिरकं बघितलं. मग दुसऱ्या बाजूने.

"दोरीत आहे," म्हणाले, आणि भाच्याला बोलावून त्यालाही एक डोळा मिटायला लावला.