न्यूस आणि ट्रेंटच्या संगमावरचं गाव

आमच्या राजापुरात अर्जुना आणि कोदवली भेटतात, पावसाळ्यात पाणी जवाहर चौकात शिरतं आणि दुकानदार रात्रीतून माल वर चढवतात, हे लहानपणापासून बघतोय, म्हणून संगमावरचं कुठलंही गाव दिसलं की मी वाचत बसतो. अमेरिकेतलं, नॉर्थ कॅरोलायनातलं न्यू बर्न असंच सापडलं, न्यूस आणि ट्रेंट नद्यांच्या संगमावर. १७१० मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रिस्टोफ फॉन ग्राफेनरीड या सरदाराने वसवलं आणि आपल्या बर्न शहराचं नाव दिलं. बर्नचं अस्वलही सोबत आलं, आजही तेच गावाचं चिन्ह आहे.

पण तिथे आधीपासून चाटोका नावाची आदिवासींची वस्ती होती. आणि आलेल्यांचेही हाल काही कमी नव्हते. ग्राफेनरीडसोबत शंभरेक स्विस, पण त्याआधीच जर्मनीतून लढाया आणि थंडीने लंडनला पळालेली साधारण ६५० माणसं जहाजांत बसवून पाठवली होती, त्यातली जवळपास निम्मी वाटेतच गेली.

तिथले टस्कारोरा आदिवासी वैतागलेले होते, जमिनी जात होत्या, त्यांची माणसं पकडून गुलाम म्हणून विकली जात होती. सप्टेंबर १७११ मध्ये त्यांनी ग्राफेनरीड आणि मोजणीदार जॉन लॉसनला पकडलं, लॉसनला मारलं, ग्राफेनरीड सुटला. २२ सप्टेंबरला वस्त्यांवर हल्ला झाला आणि युद्ध पेटलं. १७१३ मध्ये टस्कारोरांचा निओहेरोका किल्ला पडला, शेकडो मेले, शेकडो गुलाम झाले, उरलेले बरेचसे उत्तरेला गेले.

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. ग्राफेनरीडने वसाहतीसाठी थॉमस पोलॉक या तिथल्या बड्या जमीनदाराकडून कर्ज काढलं, जमीन गहाण टाकली, फेड झाली नाही, तो मायदेशी परत गेला आणि जमीन पोलॉककडे गेली. समुद्र ओलांडून, आपली माणसं पुरून ज्यांनी ती कसायला घेतली त्यांच्या हातात काहीच उरलं नाही. खोती आणि गहाणवट ऐकत वाढलेल्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, माझ्या आजोबांचा आवाज तर त्या शब्दाला अजून बदलायचा. गावाच्या इतिहासात नाव मात्र सरदाराचं पहिलं येतं, मला ते पटत नाही.

२०१८ च्या सप्टेंबरात फ्लोरेन्स वादळात न्यू बर्नमध्ये पाणी शिरलं, गावात ठिकठिकाणी उभी केलेली रंगीत अस्वलं वाहून गेली. रस्त्याच्या मधोमध येऊन थांबलेल्या एका अस्वलाचा फोटो मी आईला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दुकानातला माल वर चढवला होता ना रे त्यांनी?"