तान्ह्या पोळ्याचा बैल मोबाइलवर पळवायचा असेल तर

मोबाइल गेमसाठी कार्टून पात्र करायला बसण्याआधी इंजिन (ज्यात गेम बांधतात ते सॉफ्टवेअर) ठरवा, आणि इंजिन ठरवण्याआधी गेम कोणाच्या हातात जाणार ते ठरवा. आपल्याकडे खेड्यात हे उत्तर सरळ आहे. घरात दोन-तीन जीबी रॅमचा अँड्रॉइड फोन असतो, आणि तो पोरांच्या हाती लागतो संध्याकाळी. करणाऱ्यापाशीही बहुतेक जुना लॅपटॉप असतो, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. या दोन्ही यंत्रांना जे झेपेल तेच आपलं इंजिन.

अनरिअल हे इंजिन इथेच बाद होतं, एवढं वजन या लॅपटॉपला उचलत नाही. युनिटी चांगलं इंजिन आहे, शिकायला व्हिडिओही ढीगभर आहेत. पण अँड्रॉइडच्या जोडसामानासकट ते कित्येक जीबी खातं, आणि मराठी अक्षरांवर अडतं. त्यातल्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवण्याच्या नेहमीच्या साधनात देवनागरीची जुळणी नीट होत नाही. ‘शिंग’ लिहिलं तर पहिली वेलांटी ‘श’च्या आधी न येता नंतर जाऊन बसते, ‘तान्ह्या’तलं जोडाक्षर हलंत दाखवत फुटतं. चौथीतलं पोरगं असं अक्षर वाचू शकत नाही, आणि ज्या गेमची मराठीच वाचता येत नाही तो मराठी गेम नव्हे. यावर उपाय निघतात, पण नवशिक्याने पहिल्याच गेममध्ये त्यात कशाला गुंतायचं?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गोडो ४. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासून त्यात हार्फबझ (अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी) आहे, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसतात. फक्त मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट प्रोजेक्टमध्ये टाका, फोनच्या फॉन्टवर विसंबू नका. गोडो एमआयटी या मुक्त परवान्याचं आहे, म्हणजे आज ना उद्या कोणी शुल्क मागेल ही धास्ती नाही. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं. तेवढ्या काळात कित्येकांची झोप उडाली होती.

गोडोची फाइल लहान आहे, पण एक्सपोर्ट टेम्प्लेट (गेम फोनसाठी बांधायला लागणाऱ्या तयार फाइली) वेगळे उतरवावे लागतात आणि ते साधारण एक जीबीचे असतात. रोजच्या डेटा पॅकवर ते अर्ध्यातच अडकतात, म्हणून तालुक्याला गेलात की चांगल्या वायफायवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवा. सोबत जेडीके १७ आणि अँड्रॉइड एसडीकेही घ्या, अँड्रॉइडचा गेम बांधायला ही साधनं लागतात. नवीन प्रोजेक्ट उघडताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) ‘कॉम्पॅटिबिलिटी’ निवडा, तोच जुन्या फोनवर चालतो. लॅपटॉपवर त्याला ओपनजीएल (ग्राफिक्सची प्रणाली) ३.३ पुरतं. ब्लेंडर, म्हणजे ज्यात मॉडेल करायचं ते सॉफ्टवेअर, ४.० पासून मात्र ओपनजीएल ४.३ मागतं. जुन्या मशीनवर ते उघडतच नसेल तर ३.६ घ्या, पुढचं सगळं त्यात होतं.

आता मॉडेल. पहिलं पात्र बैल घ्या, तोही तान्ह्या पोळ्याला पोरं दोरीने ओढतात तसा लाकडी, चाकांचा. त्याचे पाय वाकत नाहीत, म्हणून हाडांचा सांगाडा लागत नाही आणि अर्धी डोकेदुखी जाते. एका क्यूबपासून अर्धं धड काढा, मिरर मॉडिफायर (दुसरी बाजू आरशासारखी आपोआप करणारा) लावा आणि त्यातलं क्लिपिंग चालू ठेवा, नाहीतर मधल्या रेषेवर फट पडते. वशिंड आणि शिंगं खऱ्यापेक्षा दीडपट करा. फोनच्या पडद्यावर बैल ओळखू येतो तो त्यांच्यामुळेच. झुलीला वेगळं कापड करू नका, पाठीचे तेच फेस (पृष्ठभागाचे तुकडे) जरासे बाहेर ओढा आणि रंग बदला. बैल १,५०० त्रिकोणांत बसायला हवा.

चाकं मात्र चारही वेगळी ठेवा. प्रत्येकाला १६ बाजू द्या. १२ बाजूंचं चाक फिरताना कोपरे दाखवतं. प्रत्येक चाकाचा ओरिजिन (ज्या बिंदूभोवती वस्तू फिरते तो) त्याच्याच मध्यावर आणा, नाहीतर चाक जागेवर न फिरता बैलाभोवती गरगरतं. फिरण्याचा वेग म्हणजे चालण्याचा वेग भागिले त्रिज्या. बैल सेकंदाला १ मीटर जात असेल आणि चाकाची त्रिज्या ०.१ मीटर असेल, तर सेकंदाला १० रेडियन (कोनाचं एकक). हे गणित चुकलं की चाक घसरल्यासारखं दिसतं आणि पोरांच्या ते लगेच लक्षात येतं. दोरीला फिजिक्स नको. चार बाजूंची, एक मीटर लांब सरळ नळी करा, ओरिजिन एका टोकाला ठेवा. गोडोमध्ये ती पोराच्या हातापाशी ठेवून बैलाच्या वेसणीकडे वळवा आणि जेवढं अंतर तेवढी ताणा.

पोराची उंची १.२ मीटर, डोकं त्याच्या तिसऱ्या हिश्शाचं. डोकं मोठं केलं की हात तोकडे पडतात. पोट गोल करण्याआधी नमस्कार जमतो का आणि हात टोपीपर्यंत पोचतो का, ते पाहा. कोपर आणि गुडघ्याला तीन-तीन आडव्या कडा द्या, एकाच कडेवर वाकलेला गुडघा चपटा होतो. सदऱ्याखालचं अंग खोडून टाका, नाहीतर चालताना ते कापडातून डोकावतं. डोळ्यांसाठी शेप की (बिंदू सरकवून आकार बदलण्याची सोय) वापरू नका, चित्रांची पट्टी करून इंजिनमध्ये सरकवा.

सांगाडा जोडण्याआधी कंट्रोल-ए करून स्केल लागू करा, आणि मर्ज बाय डिस्टन्स चालवा. ‘बोन हीट वेटिंग फेल्ड’ हा संदेश बहुतेकदा एकावर एक बसलेल्या बिंदूंमुळेच येतो. एका बिंदूवर चारपेक्षा जास्त हाडांचं वजन (वेट, म्हणजे हाडाची ओढ) ठेवू नका. फेस ओरिएंटेशन लावून पाहा. लाल दिसलेली बाजू फोनवर भोक होऊन दिसते.

लाइन कधीही जाते, आणि लॅपटॉपची बॅटरी उतरलेली असली की काम तिथेच बंद. ब्लेंडर दर दोन मिनिटांनी स्वतःहून प्रत ठेवतं, ती फाइल मेनूतल्या रिकव्हर, ऑटो सेव्हमध्ये सापडते. तरी सेव्ह व्हर्जन्स (जुन्या किती प्रती ठेवायच्या तो आकडा) ५ करून ठेवा.

ब्लेंडरमधून एक्सपोर्ट जीएलबी या फाइल प्रकारात करा. चालण्याच्या ॲनिमेशनच्या नावामागे ‘-लूप’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा, म्हणजे गोडो ते आपोआप फिरवत ठेवतं. २४ फ्रेमच्या चालीत २५वी फ्रेम पहिलीसारखीच असते, ती एक्सपोर्टमध्ये ठेवा, नाहीतर दर फेरीला आचका बसतो. पोरगं उलटं चालताना दिसलं तर मॉडेल फिरवत बसू नका. आयात झालेलं पात्र अधिक झेडकडे तोंड करून असतं आणि लुक-ॲट (पात्राला एखाद्या दिशेला वळवणारी आज्ञा) उणे झेड वळवतं, म्हणून त्यातलं ‘यूज मॉडेल फ्रंट’ खरं करा.

काळी कड हवी असेल तर मटेरियलच्या नेक्स्ट पासमध्ये दुसरं काळं, अनशेडेड मटेरियल लावा, कल फ्रंट करा, ग्रो ०.०१ ठेवा. कोपरे तुटक दिसले तर स्मूथ शेडिंग द्या. पात्र यामुळे दोनदा रंगवलं जातं, म्हणून कड फक्त पोराला आणि बैलाला द्या, घरं-झाडं तशीच राहू द्या.

एपीके (अँड्रॉइडवर इन्स्टॉल करायची फाइल) काढताना ‘एआरएम ६४’सोबत ३२ बिटचाही पर्याय चालू करा. स्वस्त फोनांपैकी कित्येकांत अँड्रॉइड ३२ बिटचंच असतं, तिथे नुसता ६४ बिटचा गेम इन्स्टॉल होत नाही. त्याने आकार वाढतो, पण ज्या पोरांसाठी गेम केला त्यांच्याच फोनवर तो उघडणार नसेल तर वाचवलेल्या एमबीचा उपयोग काय?